नाते काय लिहू?

आमच्या गावाचे नाव कागदावर लिहायचे म्हटले की एक कंस टाकावा लागतो. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून दुसरी एक सिंदी आहे, ती सिंदी (मेघे). दोघींच्या नावांत घोटाळा होऊ नये म्हणून आमच्या सिंदीपुढे कुणीतरी रेल्वे जोडून दिली. 1867 साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला आणि आमचे गाव त्याच्या काठावर सापडले, एवढेच आमचे रेल्वेशी नाते. गावात बोलताना हा कंस कुणी उच्चारीत नाही. ‘कुठचे तुम्ही?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘सिंदीचे.’ कंस फक्त कागदाला लागतो.

आणि कागदावरच माझे सारे आयुष्य गेले. मी अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी जवळजवळ चाळीस वर्षे लोकांचे कागद लिहिले. खरेदीखते लिहिली, बक्षीसपत्रे लिहिली, हक्कसोडपत्रे लिहिली, वारसनोंदीचे अर्ज तर किती लिहिले त्याचा हिशेब नाही. यांतल्या बहुतेक कागदांत एक जागा अशी येते की तेथे मला मान वर न करता विचारावे लागे, ‘नाते काय लिहू?’ समोरचा माणूस चटकन सांगे: मुलगा, सून, पुतण्या. पण अधूनमधून एखादा माणूस थबके. शेजारी बसलेल्या माणसाकडे पाही, मग जमिनीकडे पाही, आणि मग हळूच काहीतरी पुटपुटे. अशा वेळी मी लेखणी खाली ठेवून थांबत असे. त्या थबकण्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. आमचे घरच त्यावर उभे होते.

माझी जन्माची आई मी तीन वर्षांचा असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. 1961 साली बाबांनी दुसरे लग्न केले. नवी आई विधवा होती. तिचा पहिला नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि तिच्या बोटाला धरून पाच वर्षांची एक मुलगी आमच्या दारात आली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. ‘ही तुझी ताई,’ असे बाबांनी सांगितले आणि मी ते लगेच मान्य केले. चार वर्षांच्या मुलाला पुरावा लागत नाही. नव्या आईला मी माय म्हणू लागलो. दोन वर्षांनी धाकटा झाला. म्हणजे एका छपराखाली तीन तऱ्हेची मुले झाली: मी एकट्या बापाचा, ताई एकट्या मायची, आणि धाकटा दोघांचा.

हे गणित मला पुढे कागद लिहिताना सुचले. लहानपणी ते आम्हांला ठाऊकच नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. सिंदीचा तान्हा पोळा साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला. पोरे लाकडाचे बैल सजवून आणतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. बाबा जिनात मापारी होते. पैसा बेताचाच. त्यांनी आम्हां तिघांत मिळून एकच लाकडी बैल आणला होता, चाकांचा. दोर माझ्या हातात असे, धाकटा मागून ढकली, आणि बैलाच्या शिंगांना बेगड लावणे, झूल शिवणे ही सारी कामे ताईची. मिळालेला बोजारा ती ओसरीवर बसून मोजी आणि त्याचे तीन सारखे वाटे करी. एक पैसा उरला तर तो बैलाचा. तो तुळशीच्या वृंदावनात पुरला जाई. इतकी चोख वाटणी मी पुढे कुठल्याही कचेरीत पाहिली नाही.

बाबांनी पोटाला चिमटा घेऊन नऊ एकर कोरडवाहू जमीन घेतली आणि एक मातीचे घर बांधले. मी अर्जनवीस झालो, दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहू लागलो, तेव्हा एकदा धीर करून म्हणालो, ‘बाबा, तुमचाही एक कागद करून ठेवू या.’

‘कायले?’

‘मागे भांडण नको.’

‘भांडन कोन? तू का धाकटा? का ताई?’ बाबा सुपारी कातरीत म्हणाले, ‘माह्या घरात सावत्र कोनी नाही. कागद केला का सावत्र दिसते.’

मी गप्प बसलो. त्यांचे बोलणे मला पटले होते असे नाही, पण त्या बोलण्यातल्या प्रेमापुढे माझे कायद्याचे ज्ञान थिटे वाटले. आज वाटते, त्या दिवशी मी गप्प बसायला नको होते. आपल्या घरांत मृत्युपत्र राहून जाते ते बहुधा आळसाने. आमच्या घरी ते मायेमुळे राहिले.

बाबा 1988 साली गेले. तेरावे झाले आणि वारसनोंदीसाठी तलाठी घरी आले. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तेव्हा तलाठीच.) अर्ज अर्थातच मी लिहिला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते: विधवा, मुलगे, मुली आणि आई. प्रत्येकाचा वाटा सारखा. आजी आधीच वारली होती. तेव्हा माय, मी आणि धाकटा, प्रत्येकी तीन एकर. पहिल्या बायकोचा मुलगा आणि दुसरीचा मुलगा असा भेद कायदा करीत नाही. बापाच्या मिळकतीत दोघेही मुलगेच. पण बायकोने आणलेली मुलगी ही त्याची मुलगी नव्हे. पोटची असावी लागते, नाही तर विधिपूर्वक दत्तक घेतलेली. बाबांनी ताईला लहानपणीच दत्तक घेऊन ठेवले असते तर तिचाही सव्वादोन एकरांचा वाटा निघाला असता. पण जिला आपण आपलीच समजतो तिला दत्तक घ्यायचे कुणाच्या मनात येते?

तलाठ्यांनी विचारले, ‘मयताच्या मुली किती?’ मी माझ्याच हाताने लिहिले: ‘निरंक.’ तेवढ्यात ताई आतून चहाचे कप घेऊन आली. बापाच्या तेराव्याला सासरहून आलेली, रडून डोळे सुजलेली. तिने कप आमच्यापुढे ठेवले. ओल्या शाईवर चहा सांडू नये म्हणून मी कागद जरा बाजूला ओढला.

कायद्याचे दृष्टीने मी काहीही चूक केली नव्हती. चूक मी पुढच्या महिन्यात केली.

बाबांची अठरा हजारांची एक विम्याची पॉलिसी निघाली. तिच्यात त्यांनी ताईला नामनिर्देशित केले होते, आणि नात्याच्या जागी लिहिले होते: मुलगी. बाबांच्या साऱ्या कागदांत ताईला मुलगी म्हणणारा तेवढा एकच कागद. आता कळते की ते त्यांचे मृत्युपत्रच होते. ज्या माणसाला कागद म्हणजे परकेपणा वाटे त्याने आपल्या परीने गुपचूप केलेला तो कागद होता. पैसे ताईच्या हाती आले. ताईने सहज मला विचारले, ‘भाऊ, याचं काय करू?’ आणि मी तिला कायदा सांगितला. नामनिर्देशित व्यक्ती पैशाची मालक नसते, ती फक्त तो घेऊन खऱ्या वारसांच्या हवाली करणारी. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल तेव्हा नुकताच, चारपाच वर्षांपूर्वी, झाला होता आणि तो मला तोंडपाठ होता. विद्या नवी असली की ती जिथे तिथे दाखवाविशी वाटते.

ताई काही बोलली नाही. आठ दिवसांनी सासरहून पुन्हा आली. तिच्या पिशवीत रुमालात बांधलेल्या तीन पुडक्या होत्या, प्रत्येकी सहा हजारांची एक. एक मायपुढे ठेवली, एक धाकट्यापुढे, एक माझ्यापुढे. ओसरीवर बोजारा वाटावा तशी. फक्त या वेळी तिचा स्वतःचा वाटा त्यात नव्हता. मायने आपली पुडकी तिच्या ओटीत परत टाकली. धाकटा पंचवीस वर्षांचा, नवे लग्न झालेला. त्याने घेतली. मीही घेतली. त्या पैशात आणखी थोडी भर घालून मी बैलजोडी आणली. पुढे कितीतरी पोळ्यांना ती जोडी तोरणाखाली उभी राहिली, आणि माहेरी आलेली ताई स्वतःच्या हाताने त्यांना पुरणपोळी भरवी.

त्या निकालानंतर विम्याचा कायदा 2015 साली बदलला. आता आईबाप, नवरा, बायको किंवा मुले नामनिर्देशित असतील तर विम्याचा पैसा त्यांचाच होतो. बँकेतल्या ठेवींत मात्र नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे ही गोष्ट अजूनही कायम आहे, आणि अजूनही निम्म्या घरांना ती ठाऊक नाही.

कायद्याला ‘सावत्र’ हा शब्द कळत नाही असे मात्र कुणी समजू नये. तो त्याला सोयीने कळतो. 1961 च्या आयकर कायद्याने ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत दत्तक मुलाबरोबर सावत्र मूलही घातले होते. कर घ्यायचा असला की सावत्र मूल हे मूलच. 2007 साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात ‘आईवडील’ म्हणजे सावत्र आई आणि सावत्र वडीलही, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पोसायची वेळ आली की सावत्र आई ही आई. वारशाची वेळ आली की मात्र दोघेही एकमेकांना अनोळखी.

हे अनोळखीपण दोन्ही बाजूंनी आहे, हे मला माझ्या टेबलावरच एकदा लख्ख दिसले. मायच्या नावावर तीन एकर आहेत. ती मृत्युपत्राशिवाय गेली तर ते कुणाला जातील? तिच्या मुलांना. म्हणजे धाकट्याला आणि ताईला. ताई पहिल्या नवऱ्याची मुलगी असली तरी मायची पोटची मुलगी आहे. मला काही नाही. स्त्रीच्या वारसांतील ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, तो येतो फार तर नवऱ्याचा वारस म्हणून मागच्या रांगेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली सांगून टाकले आहे. बाबांच्या कागदावर ताई निरंक होती. मायच्या कागदावर मी निरंक. ज्या कायद्याच्या जोरावर मी ताईचे सहा हजार घेतले, त्याच कायद्याने मला मायच्या घराबाहेर काढले होते. न्यायाला आंधळा म्हणतात, पण त्याचे वजनमाप चोख असते.

आणि ताईचे म्हणाल तर तिच्यावर दुहेरी अन्याय झाला. तिचा जन्मदाता बाप 1959 साली वारला, नवा कायदा आल्यानंतर. त्याच्या वाट्याला जी काही जमीन येत होती तिच्यात मायचा आणि ताईचा हक्क होता. पण मायने पाट लावला तेव्हा सासरच्या मंडळींनी सांगितले, ‘पुनर्विवाह केला, हक्क गेला.’ 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्यात तसे कलम होतेच, त्यामुळे साऱ्या गावाला ते खरे वाटले. 1956 च्या कायद्याने विधवेला मिळालेली मिळकत पुनर्विवाहाने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ठामपणे सांगितले. जुना कायदा त्याआधीच, 1983 साली, रद्द झालेला होता. पण मायला हे कोण सांगणार? आणि पाच वर्षांच्या मुलीचा हक्क तर आईच्या लग्नाने जाण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या घराची वाटही ताईला आठवत नाही तेथे तिचा हक्क होता, आणि ज्या घराची भिंत न् भिंत तिने सारवली तेथे नव्हता.

असल्या तंट्यांची आमच्या मुलखाला जुनी सवय आहे. नागपूरचे पहिले रघूजी भोसले 1755 साली गेले. मागे दोन राण्यांचे चार मुलगे. जानोजी आणि साबाजी धाकट्या राणीचे, पण वयाने मोठे. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. वयाने मोठा तो वारस, की मोठ्या राणीचा तो वारस? हा तंटा पुण्यापर्यंत गेला. पेशव्यांनी जानोजीला सेनासाहेबसुभा केले आणि मुधोजीला सेनाधुरंधर ही पदवी दिली, पण आग विझली नाही. जानोजीमागे साबाजी आणि मुधोजी एकमेकांपुढे उभे ठाकले, आणि 1775 सालच्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. राज्य असो की नऊ एकर, गुंता तोच.

महाभारताची तर सुरुवातच एका बापाच्या दुसऱ्या लग्नाने होते. सत्यवतीच्या बापाने घातलेली अट आठवा: माझ्या मुलीच्या मुलाला गादी मिळाली पाहिजे. आम्ही अर्जनवीस मंडळी याला लग्नापूर्वीची तजवीज म्हणू. देवव्रताने त्यावर तोंडी हक्कसोडपत्र करून दिले, ना साक्षीदार, ना मुद्रांक, आणि जन्मभर पाळले. आजच्या कायद्यात ते टिकले नसते. बाप जिवंत असताना मुलाचा हक्क म्हणजे नुसती आशा, आणि आशेचे हक्कसोडपत्र होत नाही. पण व्यासांनीही दाखवले ते हेच, की एकाच्या मोठ्या मनावर सारे घर टाकून भागत नाही. पुढच्या पिढीत व्हायचे ते झालेच.

यंदाच्या पोळ्याला आम्ही सगळे सिंदीच्या घरी जमलो होतो. माय आता नव्वदीला टेकली आहे. दिसते कमी, पण ऐकू चांगले येते आणि आठवते त्याहून चांगले. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नातवंडांची पोरे बैल घेऊन बाहेर पडली तेव्हा तिने मला जवळ बोलावले.

‘माह्या तीन एकराचा कागद कर.’

‘कुणाला द्यायचे?’

‘तिघायले. एकेक एकर.’

मी म्हणालो, ‘माय, माझा एकर ताईलाच दे. मला कायद्याने तुझ्याकडून काही येत नाही, आणि तिला...’ पुढचे मला बोलता येईना.

माय थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ते बैल किती साल होते रे आपल्याकडं?’

‘अकरा.’

‘अकरा साल तिनं त्यायले पुरनपोळी खाऊ घातली.’ आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘तुले देनं माह्याकडं. तिले देनं तुह्याकडं. दोन्ही मिसळू नको.’

सदतीस वर्षांत तिने हा विषय कधी काढला नव्हता.

मायचे मृत्युपत्र मला लिहिता येणार नव्हते. ज्याला मृत्युपत्राने लाभ होतो त्यानेच ते करण्यात पुढाकार घेतला तर संशयाला जागा होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 सालीच सांगून ठेवले आहे, आणि मी ते शेकडो लोकांना सांगितले आहे. शेकडो परक्यांची मृत्युपत्रे लिहिली, आणि आपल्या मायचे लिहायची वेळ आली तेव्हा हात मागे घ्यावा लागला. माझ्या टेबलाशी बसून शिकलेला एक तरुण आता संगणकावर कागद करतो. त्याला बोलावले. दोन साक्षीदार, तेही ज्यांना काही मिळायचे नाही असे, शेजारचे. माय शुद्धीवर आहे, समजून बोलते आहे, असे डॉक्टरांचे पत्र. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही, पण आमच्यासारख्या घरात नोंदणी केलेली बरी, म्हणून तीही करायचे ठरले. त्या तरुणाला मी आधीच बजावले होते, ‘माझ्या नावापुढे सावत्र मुलगा असे स्पष्ट लिही. उद्या कुणी बोट ठेवायला नको.’ आणि मी अंगणात जाऊन बसलो.

दार उघडेच होते. आतले सारे ऐकू येत होते. धाकट्याचे नाव झाले: मुलगा. ताईचे झाले: मुलगी. मग माझे नाव आले.

‘आजी, यांचं नातं काय लिहू? सावत्र मुलगा लिहितो.’

‘कोन सावत्र?’

‘कायद्यानं तसं लिहावं लागते, आजी.’

‘मुलगा लिव.’

तो चांगला शिकलेला आहे. मृत्युपत्रात माणसाची ओळख नक्की पटत असेल तर नात्याच्या शब्दातल्या चुकीने देणगी मोडत नाही, हे त्याला ठाऊक होते. पण ओळख स्पष्ट असलेली बरी, हेही ठाऊक होते. कळपाटीवर बोटे वाजली. मग तो वाचून दाखवू लागला, ‘माझा मुलगा, कंसात, पतीच्या प्रथम पत्नीपासून झालेला...’

‘कंसात म्हंजे?’

‘कागदावर ओळख पटावी म्हणून लिहितात, आजी. आपल्या गावाचं नाही का? सिंदी, आणि कंसात रेल्वे.’

माय जरा विचारात पडली असावी. मग तिचा आवाज आला, ‘मंग असू दे. बोलताना काई म्हनत नाई कोनी.’

तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावण्यासाठी मला कुणी आत बोलावले नाही, ते बरेच झाले. मी अंगणात बसून होतो आणि मला बाहेरच बसायचे होते.

आता माझे काम उरले आहे. पहिल्यांदा वाटले, आपल्याच मृत्युपत्रात ताईला एक एकर लिहून द्यावा. पण ती माझ्याहून वर्षाने मोठी. मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी घेणारा गेला तर देणगी बहुधा गळून पडते. सत्तरीच्या घरातल्या दोन माणसांनी असल्या शर्यतीवर विसंबू नये. म्हणून बक्षीसपत्रच केले पाहिजे. पोटच्या मुलांना, नातवंडांना, नवराबायकोला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात 2015 सालापासून मुद्रांक नाममात्र ठेवला आहे. त्या यादीत सावत्र बहीण नाही. तेव्हा माझ्या शिष्याने पूर्ण मुद्रांकाचा आकडा काढून दिला आणि सवयीने विचारले, ‘नाते काय लिहू?’

मी चाळीस वर्षे जो प्रश्न दुसऱ्यांना विचारला तो त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी विचारला. माझ्या टेबलापुढे थबकणारी ती सारी माणसे मला आठवली.

‘बहीण लिही,’ मी म्हणालो. ‘आणि कंसात खरे ते लिही. मुद्रांक पूर्ण भरायचा आहे. सवलतीसाठी नाते जोडले असे कुणी म्हणायला नको.’

या अंकाचे वाचक दिवाळीत घराघरांतून एकत्र येतील. फराळाच्या ताटांभोवती बसलेल्या माणसांत एखादी दुसऱ्या लग्नाची आई असेल, आईबरोबर आलेला एखादा मुलगा असेल, आणि कुणालाही तसे वाटत नसेल. अशा घरांनाच माझे सांगणे आहे. 1953 साली आलेला मृत्युकर 1985 साली गेला, आणि कर नाही तर कागद कशाला, असे पुष्कळांना वाटू लागले. पण कागद सरकारसाठी नसतो. आपण प्रेमाने जो कंस पुसून टाकतो तो आपल्यामागे कायदा पुन्हा काढतो, आणि त्या वेळी तेथे काय लिहायचे हे सांगायला आपण नसतो. घरात सावत्र कुणी नाही असे ज्याला खरोखर वाटते त्याने ते हयातीतच, दोन साक्षीदारांसमक्ष, लिहून ठेवावे. बाबांनी ते एका विम्याच्या कागदावर लिहिले होते. मी ते वाचले आणि मला वाचता आले नाही.

बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे. पण बक्षीस नुसते देऊन पुरे होत नाही, घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, तरच ते कायद्याने पुरे होते. भाऊबीजेला ताई येईल. नेहमीसारखी आधी मायजवळ बसेल, मग ओवाळायला पाट मांडील. यंदा मी ताटात पैशाऐवजी तो कागद ठेवणार आहे. पहिल्यांदा ती नको म्हणेल, ते मला ठाऊक आहे. मग चष्मा लावून वाचील. ती घेईल की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही.